दहा तास वीस मिनिटं

सकाळपासून टाचणीचं डोकं ठणकत होतं, आणि त्यात समोरच्या गिऱ्हाइकाला साधी तारीख कळत नव्हती.

"सव्वीस तारखेचं विमान ना?" तो गृहस्थ म्हणाला. "मग सव्वीसला रात्री जेवून निघतो आरामात."

"आणि विमानतळावर जाऊन काय करणार? रिकाम्या आकाशाला टाटा?" टाचणीने लाल पेन उचललं, तिकिटावरच्या ०.४० या आकड्याभोवती गोल काढला आणि खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'पंचवीसची रात्र'. "रात्री बारा वाजले की तारीख बदलते. विमान सव्वीसचं असलं तरी तुम्ही घरातून निघणार पंचवीसला. पंचवीसला रात्री जेवायचं आणि निघायचं. कळलं?"

"कळलं."

"नुसतं कळलं नको. म्हणून दाखवा."

गृहस्थ ओशाळून इकडेतिकडे पाहायला लागला. आतल्या केबिनमधून मालक ओरडले, "म्हणून टाका हो, नाहीतर ती सोडणार नाही!"

"पंचवीसला रात्री जेवायचं आणि निघायचं," गृहस्थ शाळेत पाढा म्हणावा तसा म्हणाला. तेव्हा कुठे टाचणीने तिकीट त्याच्या हातात दिलं.

चणीने लहान आणि बोलायला टोकदार, म्हणून तिला लहानपणीच हे नाव पडलं होतं, आणि विमानाच्या तिकिटांच्या या कचेरीत अठरा वर्षं काढूनही ते बोथट झालं नव्हतं. या अठरा वर्षांत तिच्या हातून तिकीट घेतलेल्या एकाही माणसाचं मध्यरात्रीचं विमान हुकलं नव्हतं. बाकी ठिकाणी महिन्याला एखादा तरी असा निघायचा, जो बॅगा घेऊन बरोबर चोवीस तास उशिरा विमानतळावर उभा. टाचणीचा एकही नाही. मालक हे नव्या गिऱ्हाइकांना अशा थाटात सांगायचे, की जणू म्हणवून घ्यायची युक्ती त्यांचीच होती.

युक्ती मालकांची नव्हतीच, टाचणीचीही नव्हती. ती आईची होती. आईने बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत एकतीस वर्षं नोकरी केली. ध्वनिक्षेपकावरून गाड्या पुकारायचं कामही तिचंच. आवाज असा खणखणीत, की वीज गेली तरी सातव्या फलाटापर्यंत गाडी पुकारली जायची. खिडकीशी कुणी गांगरलेलं माणूस आलं, की आई गाडी सांगायची, वेळ सांगायची, आणि मग म्हणायची, "काय सांगितलं मी? म्हणा बघू." घरीही तोच खाक्या. दुकानातून काय काय आणायचं हे तीनदा म्हटल्याशिवाय टाचणीला आणि तिच्या धाकट्या भावाला उंबरा ओलांडता यायचा नाही.

तो आवाज तीन महिन्यांपूर्वी बसला. आधी सगळ्यांना वाटलं सर्दी आहे, मग वाटलं वय झालं. शेवटी मोठ्या रुग्णालयात नळी घालून पाहिलं, तर स्वरयंत्रावर गाठ निघाली. सर्जन स्वभावाने सरळ माणूस होता. त्याने आडवळणं घेतली नाहीत.

"स्वरयंत्र काढावं लागेल. पंधरा तारखेला, सकाळी आठ वाजता."

"मग बोलता येईल?" आईने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"पुढे सवयीने, यंत्र लावून थोडंफार येईल. पण हा आवाज नसेल."

आईने मान डोलावली. रुग्णालयाच्या पायऱ्या उतरताना तिने टाचणीचा दंड धरला आणि म्हणाली, "पंधराच्या आधी धाकट्याला बोलावून घे. मला त्याला काहीतरी सांगायचंय."

"आत्ता फोन लावून देते. सांग काय सांगायचं ते."

"फोनवर नाही."

"अगं पण—"

"फोनवर नाही म्हटलं ना! समोर बसवून सांगायचंय."

झालं. धाकट्याचं नाव निघालं आणि टाचणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

धाकटा आठ वर्षांपूर्वी नोकरीसाठी दूरच्या शहरात गेला. गेल्यापासून फक्त एकदा आला, तेही पहिल्या वर्षी, आठ दिवसांसाठी. पुढे नुसते फोन. रविवारी फोन, आणि प्रत्येक फोनमध्ये ते एक पालुपद, "फार लांब आहे गं. येणं म्हणजे काय खायचं काम आहे का?" हे कुणाला सांगत होता तो? दिवसभर लोकांना लांबची तिकिटं काढून देणाऱ्या बहिणीला! टाचणीच्या टेबलावरच्या काचेखाली एक चिठ्ठी होती. तिच्यावर त्या शहराचं नाव आणि पुढे दोनच आकडे. आठ हजार सहाशे चाळीस किलोमीटर. दहा तास वीस मिनिटं. थेट विमान, रोज एक, मध्ये कुठेही उतरायचं नाही. दहा तास वीस मिनिटं! सुट्टीच्या दिवशी धाकटा याहून जास्त वेळ अंथरुणात लोळायचा. पायाला प्लास्टर असलेल्या बाईला टाचणीने एकोणीस तासांच्या प्रवासाला पाठवलं होतं, नातीचं तोंड बघायला. ब्याऐंशी वर्षांचे एक आजोबा दोन ठिकाणी विमान बदलून मित्राला भेटून आले होते. आणि हा धडधाकट बाप्या म्हणे लांब आहे.

तरी तेही एक वेळ चाललं असतं. पण सहा वर्षांपूर्वी बाबा गेले. सकाळी चहा पिता पिता गेले. टाचणी डॉक्टर, दाखला, नातेवाईक या धावपळीत होती, म्हणून धाकट्याला आईनेच फोन केला. संध्याकाळी टाचणीने विचारलं, "निघाला का?" आई भिंतीकडे बघत म्हणाली, "लगेच निघालं तरी दोन दिवस लागतात म्हणतो. नाही येत." टाचणी तशीच उठली, कचेरीत गेली, संगणक उघडला. त्या रात्रीच्या थेट विमानात अकरा जागा रिकाम्या होत्या. अकरा! त्या दिवसापासून ती धाकट्याशी एक शब्दही बोलली नव्हती. रविवारी फोन वाजला की ती उठून स्वयंपाकघरात जायची आणि भांडी अशी आदळायची, की त्या शहरापर्यंत ऐकू जावीत.

पण आता आईने मागितलं होतं. टाचणीने स्वतःच तिकीट काढलं. चौदा तारीख, सुटायची वेळ ०.२५, पोचायची चौदालाच दुपारी पावणेचार. घरचं घड्याळ तिथल्यापेक्षा पाच तास पुढे. म्हणजे चौदाची अख्खी संध्याकाळ आईला मिळणार होती. तिकीट तिने त्याला पाठवून दिलं. वर विषय लिहिला 'तिकीट'. खाली काही नाही. कसा आहेस नाही, आई कशी आहे नाही. शिव्या मनात इतक्या होत्या, की एक शब्द लिहिला असता तर सगळ्याच बाहेर आल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला. पडद्यावर त्याचं नाव दिसताच टाचणीने फोन पालथा घातला. आभाराची नाटकं वाचायला तिला वेळ नव्हता.

*

चौदाला दुपारी साडेतीनलाच ती विमानतळावर कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. आईला सकाळी दाखल करून आली होती. विमान वेळेवर उतरलं. चारला पहिली माणसं बाहेर आली, बॅगा ढकलत, माना वळवत. टाचणीने भांडण मनात पाठ करून ठेवलं होतं. आई समोर असताना काही बोलायचं नाही. पण विमानतळ ते रुग्णालय चाळीस मिनिटं, त्या चाळीस मिनिटांत त्याला असा सोलून काढायचा, की सहा वर्षांची थकबाकी निघावी.

साडेचार झाले. विमानातले कर्मचारीसुद्धा छोट्या बॅगा ओढत निघून गेले. पावणेपाचला सफाईवाला आत जाऊन बाहेर आला. टाचणीने सहा वर्षांत पहिल्यांदा भावाचा नंबर लावला.

"ताई?" पलीकडून इतक्या आनंदाने आवाज आला, की ती क्षणभर गडबडली.

"कुठे आहेस तू?"

"घरी. बॅग भरतोय. आई कशी आहे?"

"घरी?" टाचणीचा आवाज फाटला. कठड्यापाशी उभी असलेली दोन माणसं वळून बघायला लागली. "घरी काय करतोयस गाढवा?"

"अगं, आज रात्री निघतोय ना. चौदाचं तिकीट आहे, आज चौदाच तर आहे."

टाचणीला आधी त्याला शिव्या घालाव्याशा वाटल्या, आणि मग शिवी तोंडातच अडकली.

"ताई? ऐकतेयस ना? बारा पंचवीसला आहे. मी अकरालाच पोचतो विमानतळावर."

"पोचायची तारीख वाचलीस का तिकिटावरची?"

"चौदाच दिसली. वाटलं, घड्याळाच्या फरकाचा काहीतरी घोळ असेल. तिकीट तू काढलंयस म्हटल्यावर मी हिशेबच नाही केला. मी तर तुला..." तो थांबला. मग हळूच म्हणाला, "ताई, विमान गेलं का?"

"काल रात्री गेलं," टाचणी म्हणाली आणि तिने फोन कापला.

मग तिथेच उभं राहून तिने तो नऊ दिवसांपूर्वीचा मेसेज उघडला. 'ताई, तिकीट मिळालं. चौदाला रात्री निघतो. बरोबर ना?'

बरोबर ना. त्याने विचारलं होतं. ज्या माणसाला आयुष्यात कुठली तारीख धड वाचता आली नाही, त्याने या वेळी विचारलं होतं, आणि तेही नेमकं तेच, जे ती रोज दहा अनोळखी माणसांकडून घोकून घेत होती. एका शब्दाचं उत्तर होतं. तेवढंही तिच्याने झालं नाही. टाचणीने फोन असा आवळला की कडा तळहाताला रुतली.

पण अठरा वर्षांची सवय जात नाही. ती खुर्चीत बसली आणि हिशेब मांडायला लागली. इथे पाच, म्हणजे तिथे दुपारचे बारा. आईला सकाळी साडेसातला आत नेतील, म्हणजे तिथले रात्रीचे अडीच. हातात साडेचौदा तास. उडायला लागतात दहा तास वीस मिनिटं. चार तास शिल्लक राहतात! पण थेट विमान दिवसातून एकच, आणि ते मध्यरात्री. दुसऱ्या शहरातून वळसा घालून येणारं सर्वात लवकरचं विमान दोनला दहा कमी असताना सुटणार होतं, तो विमानतळापासून दीड तासावर राहत होता, आणि धावत जाऊन चढला असता तरी सोळा तास चाळीस मिनिटं. म्हणजे इथे उद्या सकाळी साडेअकरा वाजता. तिने तीन वेगवेगळ्या शहरांवरून पाहिलं. एकदा उलट्या दिशेनेही पाहिलं. आठ हजार सहाशे चाळीस किलोमीटर पहिल्यांदाच तिला खरोखर लांब वाटले.

मग तिने सर्जनला फोन केला.

"एक दिवस पुढे ढकला," ती म्हणाली. ती विनंती होती, पण तिच्या तोंडून हुकूम निघाला.

"परवापासून मी इथे नाही. पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळेल, आणि गाठ श्वासाच्या वाटेकडे सरकतेय," तो म्हणाला. "एवढं थांबायला मी हो म्हणणार नाही. तुम्हीही म्हणू नका."

टाचणीने त्याच्यावरही चिडायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. माणूस खरं बोलत होता. तिने आज रात्रीचं, म्हणजे पंधरा तारखेचं, बारा पंचवीसचं नवं तिकीट काढलं आणि रुग्णालयात गेली.

*

आई उशीला टेकून बसली होती. केस विंचरलेले, चष्मा पुसलेला. पलंगासमोर तिने सिस्टरकडून एक खुर्ची मागून ठेवून घेतली होती, धाकट्यासाठी. टाचणीने दारातून ती रिकामी खुर्ची पाहिली, आणि ती लाथेने उडवावी असं तिला वाटलं.

"कुठे आहे?" आईने विचारलं. आवाज म्हणजे आता नुसती खरखर उरली होती.

"त्याच्या घरी. बॅग भरतोय गाढव. तारीख चुकला."

आईचे डोळे दारावरून टाचणीवर आले. मग ती म्हणाली, "बाराच्या पुढचं होतं?"

"हो."

"मग तू म्हणवून घेतलं नाहीस त्याच्याकडून?"

असला प्रश्न फक्त आईच विचारू शकत होती. टाचणी खिडकीपाशी गेली, पडदा सारला, परत ओढला.

"नाही घेतलं."

"का?"

"कारण मी त्याच्याशी बोलत नाही!" टाचणी कडाडली. शेजारच्या पलंगावरच्या बाईने वर्तमानपत्र खाली केलं. "सहा वर्षं झाली, ठाऊक नाही तुला? बाप गेला आणि ज्याला दहा तास वीस मिनिटं विमानात बसवलं नाही, त्याच्याशी काय बोलू मी? अकरा जागा रिकाम्या होत्या त्या रात्री! अकरा!"

"हळू."

"का हळू? दोन दिवस लागतात म्हणे! खोटारडा!"

"तो येणार होता," आई म्हणाली.

टाचणीने गर्रकन वळून पाहिलं.

"दोन दिवस लागतील म्हणाला, ते खरं," आईने घसा खाकरला, पाण्याचा घोट घेतला. "त्याला थेट विमान असतं ते माहीत नव्हतं, की घाबरून तोंडाला आलं ते बोलला, मला नाही ठाऊक. पण येतो म्हणाला. मी म्हटलं, येऊच नकोस. तुझ्यावाचून सगळं उरकलं, पुढचंही उरकेल. तोंड दाखवू नकोस मला."

"तू म्हणालीस?"

"मी. फोनवर. आणि ठेवून दिला फोन." आई आपल्या हातांकडे पाहत होती. "तेच परत घ्यायचं होतं मला. ते फोनवर कसं घेऊ? फोनवरच तर म्हणून बसले."

टाचणीचे कान तापले. एवढी वर्षं जो राग तिने धाकट्याच्या नावाने जपून ठेवला होता, तो आता धन्याविना मोकाट सुटला आणि थेट पलंगावर बसलेल्या त्या हाडकुळ्या बाईवर गेला. उद्या ऑपरेशन आहे, आता बोलू नये, हे तिला कळत होतं, आणि तरी ती बोलली.

"सहा वर्षं मी त्याला शिव्या घातल्या तुझ्यासमोर. भांडी आपटली. आणि तू ऐकत बसलीस? एकदा सांगावंसं नाही वाटलं? तुझ्यासाठी भांडत होते मी!"

"लाज वाटली."

"लाज! तू? सातव्या फलाटापर्यंत ओरडणारी बाई तू!"

"ओरडायला लाज नाही लागत," आई म्हणाली. मग तिने चष्मा काढला आणि डोळे टिपले. "घाल अजून शिव्या. आज घालून घे. उद्यापासून मला उलटून बोलता येणार नाही, मग तुलाच मजा येणार नाही."

टाचणीला हसू आलं आणि त्या हसण्याचा तिला संताप आला. ती त्या रिकाम्या खुर्चीत धपकन बसली. विमानतळावर उघडलेल्या त्या मेसेजबद्दल ती काही बोलली नाही. बोलत नव्हते, एवढंच सांगितलं होतं. त्याने विचारलं होतं, हे सांगायचं धाडस झालं नाही.

"फोन लाव त्याला," आई म्हणाली.

"फोनवर नाही म्हणत होतीस ना?"

"लाव म्हटलं ना."

धाकट्याने पहिल्याच घंटीला उचलला. "ताई, दुसरं एखादं विमान—" तो म्हणेपर्यंत आईने फोन आपल्या हातात घेतला होता.

"धाकट्या."

"आई!" आणि मग तो रडायलाच लागला. "आई, माझंच चुकलं गं, मी नीट वाचायला—"

"गप. मला फार बोलवत नाही." आईने दोनदा तोंड उघडलं. घशातून काहीच आलं नाही. जे सहा वर्षं साठवलं होतं ते त्या एवढ्याशा यंत्रात घालायला ती तयार नव्हती, हे टाचणीला समोर दिसत होतं. शेवटी ती एवढंच म्हणाली, "ये."

"येतोय आई. पण तोपर्यंत तुझा आवाज..."

"बाकीचं समोर. हात आहेत की मला." आणि तिने फोन टाचणीकडे दिला.

टाचणी फोन घेऊन बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात गेली. "नवं तिकीट पाठवलंय," ती म्हणाली. "त्याच्यावर पंधरा तारीख असेल. तू निघणार आज. चौदाची रात्र. आज रात्री जेवायचं आणि निघायचं. म्हणून दाखव."

"कळलं ताई."

"म्हणून दाखव!"

"आज रात्री जेवायचं आणि निघायचं," धाकटा नाक ओढत म्हणाला.

"आणखी एकदा."

त्याने आणखी एकदा म्हटलं. मेसेजबद्दल तो काही बोलला नाही. ती वाट बघत होती. तो बोलला असता तर तिला भांडता आलं असतं.

*

पंधराला सकाळी साडेसातला आईला नेलं. चाकांच्या पलंगावरून जाताना ती म्हणाली, "गाडी सुटली." तेच तिचं शेवटचं बोलणं. दुपारी पावणेचारला धाकटा उतरला. केस मागे सरलेले, पोट सुटलेलं, डोळे सुजलेले. गाडीत चाळीस मिनिटं टाचणीने त्याला सोलून काढलं नाही. तो खिडकीबाहेर बघत बसला, आणि एकदाही म्हणाला नाही की मी विचारलं होतं ताई, तूच उत्तर दिलं नाहीस. त्याच्या त्या मुकाटपणाचा तिला इतका राग आला, की दोनदा गाडी चुकीच्या रस्त्याला लागली. काचेतून त्यांना आई दिसली. गळ्यापाशी नळी, डोळे मिटलेले. धाकट्याने काचेला हात लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

तिसऱ्या दिवशी आईला बसवलं. सिस्टरने पांढरी पाटी आणि काळं पेन आणून दिलं. धाकटा त्याच खुर्चीत बसला, अखेर समोर. आईने बराच वेळ घेऊन लिहिलं. अक्षर थरथरत होतं, पण सरळ. 'बाबा गेले तेव्हा मी तुला येऊ नकोस म्हणाले. ती माझी चूक.'

धाकट्याने वाचलं. "आई, जाऊ दे ना आता," तो म्हणाला.

आईने पेनाने पाटीवर टकटक केलं आणि त्याच्या तोंडाकडे बोट दाखवलं. ते बोट दोघा भावंडांना लहानपणापासून ओळखीचं होतं. म्हणून दाखव.

धाकट्याने पाटी हातात घेतली. "बाबा गेले तेव्हा मी तुला येऊ नकोस म्हणाले," तो वाचायला लागला, आणि त्याचा आवाज मध्येच तुटला. "ती माझी चूक." पाटी मांडीवर ठेवून तो खाली मान घालून म्हणाला, "पण आई, तू नको म्हणालीस तेव्हा मला बरं वाटलं होतं. बाबांना तसं बघायचा धीर नव्हता माझ्यात. पुढेही तेच धरून बसलो. लांब आहे, लांब आहे म्हणत राहिलो."

टाचणीने हे ऐकलं आणि पहिल्यांदा तिला वाटलं, की आपला सहा वर्षांचा राग अगदीच फुकट गेला नाही. तेवढ्यात आईने पाटी ओढून घेतली, तळव्याने पुसली, दोनच शब्द लिहिले आणि ती टाचणीकडे वळवली. 'आता तू.'

"मी काय?" टाचणी उसळली. "मी कुठे काय केलंय?"

आई नुसती बघत राहिली. एकतीस वर्षं खिडकीतून माणसं बघितलेली बाई. धाकट्याने मान वर केली नाही, म्हणजे त्याने काही सांगितलं नव्हतं. आईला कसं कळलं कुणास ठाऊक. टाचणीने चरफडत फोन काढला आणि वाचलं, "ताई, तिकीट मिळालं. चौदाला रात्री निघतो. बरोबर ना?" मग एका दमात म्हणाली, "हा मेसेज आला तेव्हा मी उघडला नाही. उघडला असता तर हा वेळेवर आला असता आणि तुझं बोलणं त्याने तुझ्या तोंडून ऐकलं असतं. त्याला लांब ठेवलं ते मी. माझी चूक."

आईने कानामागे हात धरला. ऐकू नाही आलं. पुन्हा.

"आवाज तुझा गेलाय, कान नाही!" टाचणी ओरडली.

आई हसली. खांदे हलले, डोळे बारीक झाले, तोंड उघडलं, सगळं नेहमीसारखं, आणि आवाज मात्र आला नाही. हे हसू यापुढे असंच असणार, हे टाचणीला तेव्हा कळलं. धाकट्याने सात वर्षांत ते समोर बसून ऐकलं नव्हतं आणि आता ऐकणारही नव्हता. आईचा हात अजून कानामागेच होता.

टाचणीने पुन्हा म्हटलं, सगळं, पहिल्यापासून, आणि या वेळी इतक्या मोठ्याने की वॉर्डच्या शेवटच्या पलंगावरचा माणूसही उठून बसला.